हॅल्यार्ड (जुन्या शीडनौकांवरील बदल)

हॅल्यार्ड म्हणजे शीडनौकेवर शीड, शिडाची आडवी काठी किंवा निशाण वर चढविण्याचा दोर. त्याचे एक टोक शिडाच्या माथ्याला शॅकलने (खिळीने बंद होणाऱ्या धातूच्या कडीने) अडकविलेले असते. तेथून तो डोलकाठीच्या शेंड्यावरील कप्पीवरून वळतो आणि बहुधा पोकळ डोलकाठीच्या आतून खाली विंचपर्यंत (दोराचे वेढे घेऊन तो ताणणाऱ्या फिरत्या पिंपापर्यंत) येतो. येथे मुख्यतः 1960 ते 1985 च्या सुमाराच्या, 8 ते 11 मी. लांबीच्या फायबरग्लास नौकांवरील जुना हॅल्यार्ड काढून नवा घालण्याचा विचार केला आहे.

हा शब्द ‘ओढणे’ या अर्थाचा ‘हॉल’ आणि आडव्या काठीसाठीचा ‘यार्ड’ यांच्या जोडणीतून झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. पूर्वी शीड काठीसकट वर ओढीत, त्यामुळे हा अर्थ सहज पटतो. परंतु इंग्रजीत साधारण चौदाव्या शतकापासून आढळणारे रूप ‘हॅलिअर’ असे आहे व त्यात ‘यार्ड’ नाही. ते ‘हेल’ (ओढणे) या क्रियापदापासून झालेले कर्तृवाचक नाम आहे. ‘यार्ड’ हे शेपूट बहुधा सतराव्या-अठराव्या शतकांत ध्वनिसाम्याने चिकटले असावे. ‘लॅन्यार्ड’ या शब्दातही तसेच झालेले दिसते : मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ वादी, काठीशी त्याचा काही संबंध नाही. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

ताग, मनिला व सुती दोरांनंतर विसाव्या शतकाच्या मध्यास पोलादी तारदोर रूढ झाला. वर 4 मिमी. जाडीचा 7×19 बांधणीचा (प्रत्येकी 19 तारांच्या 7 पेडांचा) तारदोर आणि त्याला सांधलेले 10 मिमी. दोराचे शेपूट, ही या काळातील नौकांवरची नेहमीची जोडी. शीड पूर्ण चढल्यावर तारेचेच चार-पाच वेढे विंचवर यावेत, म्हणजे सांध्यावर भार पडत नाही, असा हिशेब असे. तार निवडण्याचे कारण ताकद नव्हते. असा तारदोर सुमारे 800–900 किग्रॅ. भाराला तुटतो, तर 10 मिमी. पॉलिएस्टर दोर त्याच्या दुपटीहून अधिक सोसतो. प्रश्न लांबण्याचा होता : वारा वाढला की दोर लांबतो, शिडाची पुढची कड सैल पडते आणि शिडाचे पोट (फुगवटा) मागे सरकते. एचएमपीई या फारसा न लांबणाऱ्या कृत्रिम धाग्याचा (‘डायनीमा’ इ.) गाभा असलेल्या दोरांनी ही अडचण दूर केली. साध्या फिरस्तीसाठी मात्र पूर्वताणित पॉलिएस्टर पुरते. किनाऱ्यावरील बाजारात सहज मिळणारा नायलॉनचा दोर फार लांबतो व पॉलिप्रॉपिलीनचा उन्हात भुगा होतो, म्हणून दोन्ही टाळावेत.

तारेची तुटलेली टोके बाहेर येणे ही हॅल्यार्ड बदलण्याची पहिली खूण. चिंधी धरून तारेवरून फिरवली की ती अडकते. उघडा हात कधीही फिरवू नये. दोराची झीज शीड चढलेले असताना कप्पीवर येणाऱ्या वीतभर भागात, क्लचच्या (ताणलेला दोर पकडून ठेवणाऱ्या चिमट्याच्या) दाताखाली व शॅकलजवळ दिसते. झीज एवढीच असेल तर वरच्या टोकाचा मीटरभर कापून किंवा दोर उलटा ओवून काही हंगाम काढता येतात.

खरे काम कप्पीचे आहे. तारेसाठीच्या चाकाची खाच अरुंद, इंग्रजी व्ही आकाराची असते. तारेने तिच्या कडा करवतीसारख्या झालेल्या असतात. तीत नवा दोर बसत नाही, बसला तरी चिमटून कापला जातो. गोल खाचेचे चाक आधी बसवावे. चाक आणि बाजूची पट्टी यांतील फटही पाहावी, कारण बारीक दोर चाकावरून उडून तीत रुतला की शीड ना वर जाते ना खाली येते. डोलकाठीतून दोर बाहेर पडतो त्या खाचेची कड व विंचवरचे तारेचे ओरखडे कानस आणि पॉलिश पेपरने घासून घ्यावेत.

लांबी जुन्या आटलेल्या दोरावरून न मोजता डोलकाठीवरून धरावी : 11 मी. उंचीसाठी दुप्पट 22, कॉकपिटपर्यंत (सुकाणूजवळच्या बसण्याच्या खोलगट जागेपर्यंत) 5, विंचसाठी 2–3, म्हणजे 30 मी. जाडी क्लचच्या मापात असावी, 8–10 मिमी.च्या क्लचमध्ये 6 मिमी. दोर सरकतो.

नवा दोर थेट तारेला जोडता येत नाही. म्हणून खालच्या शेपटाला 5–6 मिमी.ची मागदोरी (नवा दोर मागाहून ओढून आणण्याची बारीक दोरी) शिवून तार वरून काढून घेतात, मग मागदोरीच्या वरून आलेल्या टोकाला नव्या दोराचे मोकळे टोक शिवून तो आत ओढतात. टोके एकावर एक न ठेवता समोरासमोर आणून मेणाच्या दोऱ्याने पाच-सहा टाके आरपार घालावेत, वर चिकटपट्टीचा एकच थर द्यावा. नुसत्या पट्टीवर विसंबल्यास सांधा नेमका कप्पीवर सुटतो व दोर आत कोसळतो. मग दुसऱ्या हॅल्यार्डवर माणूस चढवून, वजन बांधलेली बारीक दोरी आत सोडून मासेमाराच्या चिकाटीने ती खालच्या खाचेतून गळाने काढावी लागते. एकाने ओढावे, दुसऱ्याने सोडावे. अडल्यास जोर न लावता मागे घ्यावे, कारण आत बहुधा रेडिओची केबल किंवा दुसरा हॅल्यार्ड आडवा आलेला असतो.

शॅकलचे टोक गाठीपेक्षा स्प्लाइसने (दोराचे शेपूट त्याच दोरात ओवून केलेल्या सांध्याने) बांधणे बरे. एचएमपीई निसरडा असल्याने शेपूट व्यासाच्या 72 पट आत पुरतात, 6 मिमी.साठी सुमारे 43 सेंमी., आणि टोक निमुळते करतात. हा धागा सुमारे 150° से.ला वितळतो, भाराखाली विंचवरून सरसर सोडल्यास पृष्ठभाग काचेसारखा होतो, त्यासाठी वर पॉलिएस्टरचे वेष्टण हवे.

त्रिकोणी शिडाच्या अरबी व पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांत हॅल्यार्ड जाड, अनेक कप्प्यांचा असून तो मागे बांधल्याने डोलकाठीला आधारही देतो.