नाताळच्या कुकीज घरी करताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डिसेंबर लागला की आमच्या दुकानात साचे, बटर आणि आयसिंग शुगरची मागणी वाढते. नाताळ करणारी घरं तर येतातच, पण मुलांच्या हौसेखातर पहिल्यांदाच करून बघणारेही बरेच असतात. त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच: ‘ट्रेमध्ये तारे ठेवले, बाहेर आल्या चकत्या.’ मग साच्याला नाहीतर मैद्याला दोष दिला जातो. खरं कारण जवळजवळ नेहमी बटर असतं.

बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं. पाककृतीत ‘बटर खोलीच्या तापमानाला आणा’ असं लिहिलेलं असतं, ते थंड देशातल्या विशीतल्या तापमानाला धरून. सोलापुरात डिसेंबरातही पहाटे गारठा आणि दुपारी तिशीच्या आसपास ऊन. दुपारी ओट्यावर ठेवलेलं बटर बघता बघता तेलकट होतं, आणि तसं पीठ ओव्हनमध्ये गेल्या गेल्या पसरतं. म्हणून आमचा सल्ला असा, की पीठ रात्री जेवणं आटोपल्यावर भिजवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी लवकर भाजायला घ्या. बोट दाबलं तर खूण उमटावी, पण बोटाला तूपकटपणा लागू नये, इतपत बटर मऊ हवं.

एक पीठ, तीन प्रकार

डब्यात चार प्रकार दिसावेत म्हणून चार वेगळी पिठं लागत नाहीत. एकास दोनास तीन हे प्रमाण पाठ करून ठेवा: पिठीसाखर 100 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 200 ग्रॅम, मैदा 300 ग्रॅम. चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला. यात अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. बटर आणि साखर एकजीव करा, मैदा घाला आणि पीठ फक्त गोळा होईपर्यंत हाताने जमवा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं मात्र नाही. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि कुकी खुसखुशीत न होता कडक होते. साधारण 600 ग्रॅम पीठ होतं. 15 ग्रॅमची एक धरली तर 40 कुकीज.

एक भाग अर्धा सेंटिमीटर जाड लाटून तारे, झाडं, घंटा कापा. लाटताना खाली-वर बटर पेपर घेतला तर कोरडा मैदा भुरभुरावा लागत नाही. कापलेले आकार ट्रेसकट दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. कडा नीट राहतात त्या यामुळेच.

दुसऱ्या भागाचे छोटे गोळे करून अंगठ्याने खळगा पाडा आणि पेरूची जेली किंवा घट्ट जॅम भरा. पातळ जॅम उकळून बाहेर येतो.

तिसरा भाग चंद्रकोरींचा. ही मूळ व्हिएन्नाकडची कुकी. तिकडे बदाम किंवा अक्रोडाची पूड घालतात. 200 ग्रॅम पिठाला 40 ग्रॅम पूड पुरते. बदामाऐवजी आपले भाजलेले शेंगदाणे घाला, आम्हाला स्वतःला तेच जास्त आवडतात. फक्त दाणे पूर्ण गार झाल्यावर, थांबत थांबत फिरवा. आपली शेंगाचटणी तेल सुटेपर्यंत कुटतात. इथे तेल सुटता कामा नये, नाहीतर पीठ सैल पडतं. भाजलेल्या चंद्रकोरी कोमट असतानाच पिठीसाखरेत घोळवा. गार झाल्या की साखर धरत नाही, आणि फार गरम असताना वितळून चिकट होते. डबा कुणाला देणार असाल तर आत दाणे आहेत हे आठवणीने सांगा, काहींना ते अजिबात चालत नाहीत.

चौथा प्रकार, जिंजरब्रेड, याला पीठ वेगळं: मैदा 200 ग्रॅम, गुळाची पावडर आणि बटर प्रत्येकी 80 ग्रॅम, दोन छोटे चमचे सुंठ, एक छोटा चमचा दालचिनीपूड, चिमूटभर लवंगपूड, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि गोळा होण्यापुरतं दूध. सोडा वाढवू नका, साबणासारखी चव येते.

ओव्हनचं

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) 170 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापवा, ट्रे मधल्या खणात ठेवा. दहा ते बारा मिनिटांत कडा सोनेरी होतात, मध्ये दाबलं तर मऊच लागतं. तेव्हाच बाहेर काढा आणि पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या. गार होताना त्या कडक होतात. काळ्या ट्रेत बूड लवकर करपतं, तेव्हा खाली दुसरा ट्रे घाला. साध्या मायक्रोवेव्हमध्ये कुकी भाजली जात नाही, गरम हवा फिरवणारा कन्व्हेक्शन मोड हवा. कढईत करायच्या असतील तर तळाशी मीठ, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मंद आच आणि थोडा धीर.

खरेदी करताना

रोजच्या पोळीला लावायचं बटर खारट असतं, तेव्हा बिनमिठाचं मागून घ्या. तुपातल्या हव्या असतील तर 200 ग्रॅम बटरच्या जागी 160 ग्रॅम थिजलेलं तूप आणि दोन-तीन चमचे दूध. पोत नानकटाईकडे झुकतो, तोही छानच. ज्वारीचं पीठ मैद्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत चालतं, त्यापुढे कुकी हातात मोडते. मेण लावलेला कागद ओव्हनमध्ये धुरावतो, म्हणून कागद घेताना ‘बेकिंगचा’ असं सांगा.

जिंजरब्रेड वेगळ्या डब्यात ठेवा. गुळाचा ओलावा शेजारच्या कुकीजना लागून त्या नरम पडतात. आयसिंगसाठी 100 ग्रॅम आयसिंग शुगरला दोन-तीन छोटे चमचे दूध पुरतं. ते रात्रभर वाळू द्या आणि मगच कुकीज एकावर एक रचा.

वरचं सगळं साहित्य आम्ही लागेल तेवढंच, सुटं तोलून देतो. साचे अनामत ठेवून घरी नेता येतात; धुऊन, पुसून, कोरडे करून परत आणावेत, पत्र्याच्या साच्यांना लगेच गंज धरतो.