पाटे वाढवणे

मालवाहू पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, जादा पाटा (ओझे पेलणारी स्प्रिंगची पट्टी) घालून किंवा मूळचा पाटा काढून जाड पाटा बसवून गाडी ओझ्याखाली कमी दबेल असे करणे, याला पाटे वाढवणे म्हणतात. कांदा, टोमॅटो, विटा, दुधाचे कॅन वाहणाऱ्या पिकअपच्या बाबतीत ही महाराष्ट्रात सर्रास चालणारी गोष्ट आहे. कित्येकदा शोरूममधून निघालेली गाडी हार सुकायच्या आत पाटेवाल्याच्या दारात उभी असते.

पाटे स्प्रिंगच्या पोलादाचे, कमानीसारखे वाकवलेले असतात. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची टोके वळवून त्यांत बुश, म्हणजे जोडाची झीज सोसणारी नळी, बसवतात. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणाऱ्या पाट्यांची थप्पी असते. ती मधोमध सेंटर बोल्टने जखडलेली आणि यू बोल्टने ॲक्सलला आवळलेली असते. काही गाड्यांत हेल्पर पाटाही असतो. तो एरवी मोकळा राहतो आणि माल भरल्यावरच टेकतो.

पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सारख्या लांबी-रुंदीचा 7 मिलिमीटरचा पाटा काढून 8 मिलिमीटरचा घातला, तर फरक दिसायला एका मिलिमीटरचा, पण तो पाटा जवळजवळ दीडपट ताठ होतो. त्यामुळे ‘एकच पाटा वाढवलाय’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. किती जाडीचा, किती लांबीचा, हे विचारावे लागते. पॅराबोलिक पाट्यांची गोष्ट वेगळी. ते मोजके असतात, टोकांकडे निमुळते होत जातात आणि मधल्या लांबीत एकमेकांना टेकू नयेत असेच घडवलेले असतात. त्यांत साधा पाटा कोंबला की घासाघीस सुरू होते. बसलेल्या, म्हणजे कमान गेलेल्या, पाट्याला गॅसने तापवून पुन्हा कमान देणे हाही स्वस्तातला मार्ग, पण त्यात पोलादाचे पाणी, म्हणजे कणखरपणा, उतरते आणि पाटा लवकर बसतो किंवा तुटतो.

पाटे वाढवल्याने गाडी कमी दबते, एवढेच. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चॅसी होती तेवढ्याच ताकदीची राहते. ब्रेकची गोम तर फार कमी जणांना ठाऊक असते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली यावरून तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब किती द्यायचा ते ठरवतो. पाटे ताठ झाले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, आणि घाट उतरताना नेमका मागचा ब्रेक कमी मिळतो. हा व्हॉल्व्ह नव्या उंचीप्रमाणे जुळवून घ्यावा लागतो. पाटेवाल्याकडे तो बहुधा कुणी पाहतही नाही. रिकाम्या परतीच्या फेरीत गाडी उडते, ते वेगळेच. नाजूक मालाचा अर्धा लोड असेल तर खालच्या क्रेटमधला टोमॅटो फुटतो.

अमेरिकेत हाच प्रश्न ओढगाडीमुळे, म्हणजे ट्रेलरमुळे, येतो. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर यावा, असा तिथला दंडक आहे. 3,000 किलोच्या ट्रेलरचे 300 ते 450 किलो ओझे असे पिकअपच्या शेपटावर पडते. मागचा भाग खचतो, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग तरंगते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. यावर तिथे पाट्यांच्या जोडीला हवेच्या रबरी पिशव्या बसवतात. ओझ्याप्रमाणे हवा भरता येते, काम झाले की सोडता येते, त्यामुळे रिकामी गाडी आदळत नाही. थोडी हवा मात्र कायम ठेवावी लागते, नाहीतर रबर चिमटते. रोज वेगवेगळा माल वाहणाऱ्याला ही सोय जाड पाट्यापेक्षा कितीतरी बरी. तरीही पिशव्या गाडी नुसती समतल करतात. पुढच्या ॲक्सलवरून उठलेले वजन पुन्हा तिथे आणायचे, तर वजन वाटणारी वेगळी जोडणीच लागते.

भारतात किती माल भरायचा हे नोंदणीपुस्तकातल्या वजनावरून ठरते, पाट्यांच्या संख्येवरून नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार, 2019 च्या दुरुस्तीनंतर, जादा मालासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

नवे पाटे सुरुवातीच्या फेऱ्यांत एकमेकांवर बसतात आणि थप्पी किंचित ढिली पडते. म्हणून काहीशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घेतात. ते राहिले तर सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते.