अल्पमत, अल्पसंख्य आणि पगडी: कॅनडातील निवडणूक निकालांची पार्श्वभूमी

28 एप्रिल 2025 रोजी कॅनडात झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत, फेरमोजण्या आटोपल्यावर, सत्ताधारी उदारमतवादी पक्षाच्या पदरात 343 पैकी 169 जागा पडल्या. बहुमताला 172 हव्या होत्या. तीन जागा कमी पडल्या आणि 2019 व 2021 पाठोपाठ सलग तिसऱ्यांदा मतदारांनी अल्पमतातले सरकार निवडून दिले. त्याच रात्री, आधीच्या दोन्ही अल्पमतातील सरकारांना अनेकदा तारून नेणाऱ्या न्यू डेमोक्रॅटिक या डाव्या पक्षाचे पगडीधारी शीख नेते जगमीत सिंग स्वतःच्याच मतदारसंघात तिसऱ्या क्रमांकावर गेले, पक्षाकडे सात जागा उरल्या आणि त्यांनी नेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले. गोऱ्या बहुसंख्येच्या देशात गोरा नसलेला नेता किती वर चढू शकतो, या जुन्या प्रश्नाला त्या रात्री पुन्हा तोंड फुटले. मात्र प्रश्न नीट मांडायचा, तर आधी एका शब्दाचा गुंता सोडवावा लागतो.

ज्याच्या पाठीशी सभागृहातले बहुमत नाही त्या सरकारला आणि संख्येने थोड्या असलेल्या समाजाला इंग्रजीत एकच विशेषण लागते. मराठीत मात्र सरकार ‘अल्पमतात’ असते आणि समाज ‘अल्पसंख्य’ असतो. मराठीने हा भेद आयताच हाती दिला आहे आणि तो मोलाचा आहे, कारण अल्पमत ही पुढच्या निवडणुकीत पालटू शकणारी अवस्था असते, तर अल्पसंख्य असणे मतपेटीतून पालटत नाही. पण दुसऱ्या बाजूने मराठी वाचकाचीही फसगत होते. आपल्याकडे ‘अल्पसंख्याक’ म्हटले की धर्म डोळ्यांसमोर येतो. केंद्र सरकारने अधिसूचित केलेले मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन, अशी ती यादी आहे. कॅनडातील ‘दृश्य अल्पसंख्याक’ या संज्ञेचा धर्माशी काहीही संबंध नाही. पुण्याहून टोरांटोजवळच्या मिसिसागाला गेलेले हिंदू कुटुंब, लाहोरहून आलेले मुस्लिम कुटुंब आणि जालंधरचे शीख कुटुंब तेथील जनगणनेत ‘दक्षिण आशियाई’ या एकाच रकान्यात बसते आणि तिन्ही कुटुंबे दृश्य अल्पसंख्याक ठरतात.

ही संज्ञा कायद्यात आली 1986 साली. नोकऱ्यांतील समानतेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या एकसदस्यीय शाही आयोगाने 1984 मध्ये अहवाल दिला होता आणि त्यातून झालेल्या कायद्यात महिला, आदिवासी, अपंग व्यक्ती आणि दृश्य अल्पसंख्याक असे चार गट नेमून दिले गेले. चौथ्या गटाची व्याख्या अशी की, आदिवासी वगळता, ज्या व्यक्ती वंशाने कॉकेशियन नाहीत किंवा वर्णाने गोऱ्या नाहीत, त्या दृश्य अल्पसंख्याक. ही व्याख्या माणूस काय आहे ते सांगत नाही, काय नाही एवढेच सांगते. गोरेपणा हे परिमाण धरायचे आणि त्यात न मावणाऱ्या दक्षिण आशियाई, चिनी, कृष्णवर्णीय, फिलिपिनो, अरब, कोरियन, जपानी अशा सगळ्यांना एका टोपलीत घालायचे, ही तिची पद्धत आहे. जपानी वंशाच्या चौथ्या पिढीतील डॉक्टरला आणि कालच उतरलेल्या सोमाली निर्वासिताला एकच भेदभाव सोसावा लागतो असे कोणीही म्हणणार नाही, पण आकडेवारी दोघांना एकत्र मोजते. अरब किंवा लॅटिन अमेरिकी माणसाने जनगणनेच्या अर्जावर जोडीला ‘गोरा’ हाही पर्याय निवडला, तर तो सामान्यतः या गटाबाहेर जातो. वांशिक भेदभावावर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2007 मध्ये या संज्ञेवरच आक्षेप घेतला आणि 2023 मध्ये कायद्याचा आढावा घेणाऱ्या गटाने तिच्या जागी, समाजाने ज्यांच्यावर वंशाचा शिक्का मारला आहे त्यांचा निर्देश करणारा शब्द सुचवला. हा बदल मला रास्त वाटतो, कारण दृश्यता ही पाहणाऱ्याच्या नजरेत असते आणि जुनी संज्ञा ती पाहिल्या जाणाऱ्याच्या अंगाला चिकटवते.

संज्ञेतील ‘अल्प’ या भागाचीही तीच गत झाली आहे. 1981 मध्ये या गटाचे लोकसंख्येतील प्रमाण 4.7 टक्के होते. 2016 मध्ये ते 22.3 टक्के आणि 2021 मध्ये 26.5 टक्के झाले. टोरांटो महानगरात ते 57 टक्के आहे, व्हँकुव्हर महानगरातही निम्म्याहून अधिक आहे. म्हणजे देशाच्या दोन मोठ्या महानगरांत ‘अल्पसंख्य’ हेच बहुसंख्य आहेत. लोकसभेसमान असलेल्या तेथील कनिष्ठ सभागृहात मात्र 2015 मध्ये त्यांचे प्रमाण सुमारे 14 टक्के होते, 2021 मध्ये सुमारे 16 टक्के. या तफावतीचा एक भाग नागरिकत्वाने उलगडतो. कायम निवासाचा परवाना असलेल्याला मत देता येत नाही, उमेदवारही होता येत नाही, आणि गोऱ्यांपेक्षा या गटात असे लोक जास्त आहेत. त्यामुळे केवळ नागरिक मोजले, तर दरी बरीच अरुंद होते, पण बुजत नाही.

मागचा इतिहास इथे थोडक्यात सांगितला तरी चालेल, कारण त्यातील ‘कोमागाता मारू’चे, म्हणजे 1914 साली भारतीय प्रवाशांचे जहाज कॅनडाने परत पाठवल्याचे, प्रकरण मराठी वाचकाला ठाऊक आहे. तेवढे ठाऊक नसलेले असे की, ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 1907 मध्ये ‘हिंदू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, प्रत्यक्षात बहुतांशी शीख असलेल्या, सर्व भारतीयांचा मताधिकार काढून घेतला. संघराज्याच्या मतदारयाद्या प्रांताच्या याद्यांवरून होत असल्याने देशाच्या निवडणुकीतूनही ते बाद झाले. चिनी लोक त्यापूर्वीच बाद झाले होते. हा अधिकार 1947 मध्ये परत मिळाला. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1957 च्या निवडणुकीत, व्हँकुव्हरमधून दुसऱ्या महायुद्धात लढलेला एक चिनी वंशाचा वकील संरक्षणमंत्र्यांना हरवून निवडून आला. गोरा नसलेला एक सदस्य सभागृहात पोहोचवणाऱ्या त्याच निवडणुकीने अल्पमतातले सरकारही दिले होते. 1968 मध्ये पहिला कृष्णवर्णीय खासदार आला, 1993 मध्ये पहिला पगडीधारी शीख. त्याच्या तीनच वर्षे आधी, राष्ट्रीय पोलीस दलातील शिपायाला पगडी घालू द्यावी की नाही, यावरून लाखाहून अधिक सह्यांची विरोधी निवेदने सरकारपुढे आली होती.

अल्पमतातल्या सरकारांकडे भारतीय वाचक अस्थैर्य म्हणून पाहतो. कॅनडातील अनुभव तसा नाही. तेथे अशा वेळी आघाडी न करता एकट्याने मंत्रिमंडळ चालवण्याचा प्रघात आहे आणि साठच्या दशकातील सार्वजनिक आरोग्यविमा, निवृत्तिवेतन योजना आणि मेपलच्या पानाचा ध्वज ही सगळी अल्पमतातील सरकारांचीच कामे आहेत. अशा सभागृहात तिसऱ्या-चौथ्या पक्षाच्या नेत्याचे वजन त्याच्या जागांपेक्षा कितीतरी अधिक असते. ऑक्टोबर 2017 मध्ये डाव्या पक्षाने ब्रॅम्प्टनच्या तरुण शीख वकिलाला, म्हणजे याच जगमीत सिंग यांना, नेता निवडले, तेव्हा प्रमुख राष्ट्रीय पक्षाची पूर्णवेळ धुरा गोऱ्या नसलेल्या व्यक्तीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच्या महिनाभर आधी एका सभेत एक बाई त्यांच्यासमोर उभी राहून, तुम्ही शरियत आणणार, असे ओरडत राहिली होती. आपण मुस्लिम नाही, हे त्यांनी तिला सांगितले नाही. असे सांगणे म्हणजे मुस्लिमांविषयीचा तो द्वेष मान्य करणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. ‘दृश्य’ या विशेषणाचा अर्थ इतका नेमका उलगडून दाखवणारा प्रसंग दुसरा सापडणार नाही.

2019 च्या प्रचारात तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांची तोंडाला काळा-तपकिरी रंग फासलेली जुनी छायाचित्रे बाहेर आली. त्याच वर्षी क्वेबेक प्रांताने शिक्षक, पोलीस, सरकारी वकील आदींना कामावर धार्मिक चिन्हे घालण्यास बंदी करणारा कायदा केला होता, आणि मॉन्ट्रियलच्या बाजारात एका मतदाराने सिंग यांना पगडी काढून टाकण्याचा सल्ला दिला, म्हणजे ते कॅनडाचे दिसतील. निकालात पक्ष 44 वरून 24 वर आला आणि क्वेबेकमधील 16 जागांपैकी एकच उरली. पगडीने घात केला, असा निष्कर्ष तेव्हापासून रूढ झाला आहे. तो मला अर्धाच पटतो. याच पक्षाला 2011 मध्ये देशभरात 103 जागा मिळाल्या होत्या, त्यांपैकी 59 क्वेबेकमधून होत्या, आणि 2015 मध्ये त्यांच्या 16 झाल्या त्या एका गोऱ्या नेत्याच्या काळात. नागरिकत्वाची शपथ घेताना नकाब घालण्याचा हक्क त्या नेत्याने उचलून धरला आणि त्याची किंमत त्याला क्वेबेकमध्ये मोजावी लागली, असे बहुतेक निरीक्षक मानतात. तेव्हा पूर्वग्रह होताच, पण तो नेत्याच्या वर्णावर जेवढा बेतलेला होता तेवढाच परक्या वेशाची बाजू घेण्यावरही होता. 2021 मध्ये जागा 24 च्या 25 झाल्या. 2025 च्या पडझडीत तर अमेरिकेच्या आयातकराचा आणि कॅनडा गिळण्याच्या भाषेचा धसका घेऊन डावे मतदार उदारमतवाद्यांकडे वळले, हे कारण मोठे होते.

खरा वाद निकालांपेक्षा सभागृहातील एका घटनेचा आहे. 17 जून 2020 रोजी सिंग यांनी राष्ट्रीय पोलीस दलात वंशभेद मुरलेला असल्याचे मान्य करणारा प्रस्ताव सर्वसंमतीने मंजूर करावा, असे सुचवले. अशा प्रस्तावाला एकाही सदस्याचा ‘नाही’ पुरतो आणि क्वेबेकच्या प्रादेशिक पक्षाच्या एका सदस्याने तो दिला. सिंग यांनी त्या सदस्याला वंशवादी म्हटले, शब्द मागे घेण्यास नकार दिला आणि सभापतींनी त्यांना उरलेल्या दिवसासाठी बाहेर काढले. नियमाच्या अंगाने सभापतींचा निर्णय बिनचूक होता, कारण सदस्यावर वैयक्तिक हेत्वारोप संसदीय भाषेत बसत नाही, आणि प्रस्तावाला विरोध करणारा प्रत्येक जण वंशवादी असतो असेही नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की, वंशभेदावरील प्रस्ताव बारगळला आणि तो मांडणारा, सभागृहातला सर्वांत ठळक अल्पसंख्य नेता, दाराबाहेर गेला. नियम सर्वांना सारखा होता हे खरे, पण त्या दिवशी त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडले असे म्हणता येत नाही.

भारतीय वाचकाने इथे एक भेद पाळायला हवा. सिंग यांना भारताने 2013 मध्ये व्हिसा नाकारला होता आणि खलिस्तानच्या प्रश्नावरील त्यांची भूमिका आपल्याकडे अनेकांना खटकते. ती टीका राजकीय आहे आणि तिला पूर्ण मुभा असावी. पगडीवरील शेरा ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसाचेही नुकसानच होते, कारण रस्त्यावरचा पूर्वग्रह पासपोर्ट किंवा मतप्रणाली विचारत नाही.

अभ्यासकांचा एकूण रोख असा की, मोठा अडसर मतदानाच्या खोलीत नसून त्याआधी, उमेदवारी ठरवण्याच्या टप्प्यावर आहे. ज्या मतदारसंघांत स्थलांतरितांची दाट वस्ती आहे तेथे पक्ष अशा उमेदवारांना उभे करतात, अन्यत्र हात आखडतात. वृत्तपत्रेही त्यांच्या बातमीत मूळ देश आणि समाज आवर्जून सांगतात, जे गोऱ्या उमेदवाराच्या बाबतीत क्वचित घडते. त्यात परकीय हस्तक्षेपाच्या चौकशीची भर पडली. काही लोकप्रतिनिधी जाणूनबुजून परकीय सत्तांना साथ देत असल्याचे संसद सदस्यांच्या समितीने जून 2024 मध्ये नावे न घेता म्हटले आणि चिनी व भारतीय वंशाचे सगळेच खासदार महिनोन्महिने संशयाच्या छायेत राहिले. जानेवारी 2025 च्या चौकशी अहवालाने सभागृहात देशद्रोह्यांची टोळी असल्याचा पुरावा नाही, असे सांगितले. तोवर निवडणूक तीन महिन्यांवर येऊन ठेपली होती आणि पक्षांची उमेदवारनिवड सुरू झालेली होती.