बिनिंज कुनवोक : भाषा आणि परंपरागत निसर्गज्ञानाचे जतन

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील पश्चिम आर्नहेम लँड व काकाडू या भागांतील आदिवासींच्या, एकमेकींशी जवळचे नाते असलेल्या बोलींचे एकत्रित नाव बिनिंज कुनवोक असे आहे. बोलणारे सुमारे दोन हजार असून कुनविंज्कू ही त्यांतील प्रमुख बोली होय. ऑस्ट्रेलियातील अडीचशेहून अधिक मूळ भाषांपैकी आज जेमतेम डझनभर भाषा मुले घरातूनच शिकतात. त्या मोजक्या भाषांत हिची गणना होते.

या प्रदेशातले निसर्गज्ञान मोठ्या प्रमाणात शब्दसंग्रहातच साठवलेले आहे. कांगारूच्या निरनिराळ्या जातींच्या उड्यांसाठी, आणि एका जातीत तर नर व मादी यांच्या उड्यांसाठीही, वेगवेगळी क्रियापदे आहेत. लांबून नुसती चाल पाहून जनावर ओळखणाऱ्या शिकाऱ्याला हा भेद उपयोगी पडतो. ‘बोकोर्न’ हा एक मासा आणि ‘मानबोकोर्न’ हे पाण्याकाठचे झाड. झाडाची फळे पाण्यात पडतात व मासा ती खातो, त्यामुळे मासा कोठे शोधायचा हे झाडाच्या नावातच आले.

वर्षाचे सहा ऋतू मानले जातात. मुसळधार पावसाच्या कुजेउकनंतर बांगेरेंगमधील वादळे उंच गवत आडवे करतात. पुढे येक्केमध्ये सकाळी धुके पडते, वुलीबट जातीचा निलगिरी फुलतो आणि गवत पेटवण्याची वेळ झाल्याचे कळते. दवामुळे ही आग रात्री आपोआप विझते आणि जळलेल्या-न जळलेल्या पट्ट्यांची नक्षी मागे राहते, जी कोरड्या हंगामाच्या अखेरीस लागणाऱ्या वणव्याला अडवते.

विसाव्या शतकात लोक मिशन, खाणी आणि म्हशींच्या शिकारीचे तळ यांकडे गेले, आर्नहेम लँडचे पठार ओस पडले आणि मोठे वणवे नित्याचे झाले. १९७६ च्या भूमिहक्क कायद्याने जमिनीवरील हक्क मिळवण्याचा मार्ग खुला केला. चित्रकार लॉफ्टी बार्डायाल नाजामेरेक यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये पठारावर काबुलवार्नाम्यो ही वस्ती उभी राहिली. २००६ पासून सुमारे २८,००० चौ. किमी. क्षेत्रात लवकर आग लावण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून दरवर्षी किमान १,००,००० टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे उत्सर्जन टाळावे, असा एका वायू उद्योगाशी करार झाला, आणि त्या पैशातून वनरक्षकांचे पगार निघू लागले. हेलिकॉप्टरची मदत घेतली जात असली, तरी आग कोठे लावायची नाही हे ज्येष्ठांना विचारूनच ठरते. आग न सोसणारी आनबिनिक वृक्षांची राने त्यामुळे वाचतात.

जतनाचे हे रूप ध्वनिमुद्रणे व शब्दकोश यांच्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरण्याची शक्यता दिसते, कारण ज्याला रोज आग, कंद आणि पाऊलखुणा यांविषयी बोलावे लागते त्याला ते शब्द विसरण्याची सवड नसते. शाळेचा अनुभव मात्र चढउताराचा आहे. टेरिटरीत १९७० च्या दशकात द्विभाषिक शिक्षण सुरू झाले, पण २००८ मध्ये दिवसाचे पहिले चार तास इंग्रजीतून शिकवण्याचे सरकारी धोरण आले आणि त्याला मोठा धक्का बसला. काबुलवार्नाम्यो येथे २०१५ मध्ये सुरू झालेल्या नावार्डेकेन अकादमीत मुले कुनविंज्कू व इंग्रजी या दोन्ही भाषांत शिकतात व वडीलधाऱ्यांबरोबर रानातही जातात. तरीही कुनविंज्कूचा विस्तार सर्व बोलींना सारखा लाभदायक नाही : पठाराची स्वतःची कुंडेजन्येंगमी ही बोली आता अगदी थोड्या वृद्धांच्या तोंडी उरली आहे.