गेरशोम सिझोमू: युगांडाच्या टेकडीवरचा रब्बी, आणि त्याच्या मागची शंभर वर्षं

रब्बी म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू. रब्बी गेरशोम सिझोमूची ओळख करून देताना सगळे एकच सांगतात, की २००८ ला लॉस एंजेलिसच्या अमेरिकन ज्यूइश युनिव्हर्सिटीतून शिकून रब्बी झाला, गावी परत आला आणि २०१६ ला युगांडाच्या पार्लमेंटमधे निवडून गेला. हे सगळं बरोबर आहे पण मला वाटतं यात खरी गोष्ट राहूनच जाते. त्याला धर्म आजोबांकडून मिळाला होता आणि तरी तो पुन्हा पुन्हा निवडावा लागला.

सुरुवात होते सेमेई काकुंगुलूपासून. हा बुगांडाचा, म्हणजे युगांडातल्या एका जुन्या राज्याचा, मोठा सेनापती, प्रोटेस्टंट झालेला, इंग्रजांसाठी पूर्व युगांडा जिंकून देणारा. बदल्यात राजेपद मिळेल असं त्याला वाटत होतं, ते काही इंग्रजांनी दिलं नाही. मग तो बामलाकी नावाच्या ख्रिस्ती पंथात गेला, हे लोक शनिवार पाळायचे आणि डॉक्टरचं औषध घ्यायचे नाहीत. बायबलचा जुना करार वाचता वाचता त्याला वाटायला लागलं की खरं ते हेच, आणि १९१९ मधे त्यानं स्वतःची आणि मुलांची सुंता केली. पंथवाले म्हणाले हे तर ज्यूंचं काम, तर हा म्हणाला मग मी ज्यूच. मिशनरी नाही, कोणी शिकवणारा नाही, नुसतं पुस्तक वाचून! पुढं योसेफ नावाचा एक युरोपियन ज्यू भेटला, त्यानं सणवार, खाण्यापिण्याचे नियम असं बरंच काही शिकवलं. लोकांना नाव पडलं अबायुदाया, लुगांडा भाषेत यहुदाचे लोक.

काकुंगुलू १९२८ ला गेला. त्यानंतर ज्यांनी ही माणसं धरून ठेवली त्यातले एक म्हणजे सॅमसन मुगोम्बे, सिझोमूचे आजोबा.

मग १९७१ ला इदी अमीन सत्तेवर आला आणि ज्यू धर्मावर बंदी आली. सिनेगॉग म्हणजे प्रार्थनाघरं बंद, प्रार्थना घरात दारं लावून. सिझोमूच्या वडलांनी सुक्कोत सणाची झोपडी बांधली म्हणून त्यांना पकडलं होतं, ५ शेळ्या लाच देऊन सुटले. या काळात बरेच जण ख्रिश्चन नाहीतर मुसलमान झाले, त्यांना दोष देववत नाही. जे उरले ते थोडेच. आणि अमीनचं राज्य पडलं ११ एप्रिल १९७९ ला, त्याच संध्याकाळी पेसाह सुरू होत होता, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण! लहानपणी हे बघितलेल्या मुलाला पेसाहची गोष्ट ऐकून समजून घ्यायची काय गरज, ती त्याच्या घरातच घडली होती.

ऐंशीच्या दशकात सिझोमू, त्याचा भाऊ जे. जे. केकी आणि बाकीची तरुण मुलं नाबुगोये टेकडीवर एकत्र राहायला लागली, जमीन परत मिळवली, गिटार घेऊन स्तोत्रांना लुगांडात चाली लावल्या. त्या चाली आजही शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, म्हणतात, जमलं तर नक्की ऐका.

२००२ मधे अमेरिकेहून कॉन्झर्व्हेटिव्ह या मधल्या वाटेच्या ज्यू पंथाचे रब्बी आले आणि सुमारे ४०० जणांचं रीतसर धर्मांतर झालं. यावरून गावात वाद झाला, साहजिकच आहे, ऐंशी वर्षं ज्यू म्हणून जगलो आता परत ज्यू कशाला व्हायचं? सिझोमूची बाजू अशी की हे धर्मांतर नाही, आहे त्यावर शिक्कामोर्तब आहे, आणि जगातल्या बाकीच्या ज्यूंशी धागा जोडायचा तर ते करायला हवं. काही जणांना ते पटलं नाही, त्यांनी ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुने नियम काटेकोर पाळणारी, वाट धरली.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांना, म्हणजे बेने इस्रायलींना, इस्रायलमधे लग्नासाठी तुम्ही पूर्ण ज्यू का असं विचारलं गेलं, आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठं १९६४ ला तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला.

रब्बी झाल्यावर सिझोमू अमेरिकेत थांबला नाही ही मला त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पूर्व युगांडातल्या एमबाले शहरात त्यांच्या समाजाचा दवाखाना आहे, तिथं ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना उपचार मिळतात. ज्या काकुंगुलूनं औषध न घेणाऱ्या पंथातून ही वाट काढली, त्याच्याच माणसांचा हा दवाखाना. इस्रायलच्या गृहखात्यानं मात्र २०१८ मधे इथल्या एका तरुणाचा नागरिकत्वाचा अर्ज नाकारला.