दोन उलथापालथींमधला ‘ओबाल्तान’

दक्षिण कोरियन दिग्दर्शक यू ह्योन-मोक यांचा ‘ओबाल्तान’ (म्हणजे ‘भरकटलेली गोळी’) हा कृष्णधवल चित्रपट एप्रिल १९६१ मध्ये प्रदर्शित झाला. तो इतका निर्भीड कसा होऊ शकला, हे त्या काळाचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. मार्च १९६० च्या निवडणुकीतील गैरप्रकारांवरून दक्षिण कोरियात असंतोष पेटला, १९ एप्रिलच्या विद्यार्थी-उठावात तो शिगेला पोहोचला आणि राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर चित्रपट तपासण्याचे काम सरकारी खात्याकडून बिगरसरकारी समितीकडे आले. १६ मे १९६१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि ही मोकळीक संपली. जेमतेम तेरा महिन्यांच्या या अवधीमुळेच हा चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचू शकला.

त्याचे मूळ मात्र १९४५ च्या फाळणीत आहे. जपानी राजवट संपताच देश अडतिसाव्या अक्षांशावर दुभंगला आणि उत्तरेकडून घरदार सोडून आलेल्या अनेक कुटुंबांनी सोलच्या नामसान टेकडीच्या उतारावर हेबांगचोन नावाची वस्ती उभी केली. १९५० ते १९५३ च्या युद्धाने परतीची उरलीसुरली वाटही बंद केली. लेखक यी बोम-सोन यांनी १९५९ मध्ये याच वस्तीतील एका घराची कथा लिहिली आणि तिच्यावरच हा चित्रपट बेतला. लेखक आणि दिग्दर्शक दोघांचाही जन्म उत्तरेतला, त्यामुळे विस्थापितांचे दुःख त्यांना कुणाकडून ऐकून घ्यावे लागले नव्हते.

किम जिन-ग्यू यांनी साकारलेला चोल-हो हा तुटपुंज्या पगाराचा कारकून. दाढ ठणकत असूनही तो दंतवैद्याकडे जात नाही, कारण घरी खाणारी तोंडे बरीच आहेत. धाकटा भाऊ युद्धातून परतलेला आणि बेकार, बहीण अमेरिकी सैनिकांना देह विकणारी, पत्नी गरोदर. बँक लुटून पळणाऱ्या भावाच्या वाटेत मजुरांचा मोर्चा येतो आणि पाठीवर रडते मूल असलेली, गळफास घेतलेली एक बाईही दिसते. कॅमेरा तिच्यावर रेंगाळत नाही, आणि माझ्या मते चित्रपटाची खरी ताकद या संयमातच आहे.

घरात अंथरुणाला खिळलेली, भान हरपलेली आई सतत ओरडत असते, “चला, जाऊया!” लष्करी राजवटीच्या कानांना हे उत्तर कोरियात जाण्याचे आवाहन वाटले. हे कारण आणि दारिद्र्याचे उघडेवाघडे चित्रण यांमुळे चित्रपटावर बंदी आली. वास्तविक त्या म्हातारीला हवे होते ते आपले जुने घर, कुठली राजवट नव्हे; पण साम्यवादविरोध हेच धोरण असलेल्या सत्तेला हा फरक मान्य होण्यासारखा नव्हता.

बंदी उठण्यास एका अमेरिकी सल्लागाराची शिष्टाई कारणी लागली आणि १९६३ मध्ये ‘ओबाल्तान’ सॅन फ्रान्सिस्कोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. मूळ निगेटिव्ह पुढे नष्ट झाली. हाती राहिली ती परदेशी प्रेक्षकांसाठी इंग्रजी उपशीर्षके छापलेली प्रत. कोरियन फिल्म आर्काइव्हने याच प्रतीवरून, चित्रावर उमटलेली ती अक्षरे एकेका चौकटीतून पुसत, चित्रपटाचे डिजिटल पुनरुज्जीवन केले.