वाड्याच्या तुळईचं टेबल होताना

जुन्या नाशकातला वाडा उतरवला की त्याच्या तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या वखारीत येतात. तिथून त्यांचं डायनिंग टेबल किंवा पलंग होतो आणि तो गंगापूर रोडवरच्या एखाद्या नव्या बंगल्यात जाऊन बसतो. या सागवानाला मिळणारा भाव रास्तच आहे. गाभ्यातल्या टेक्टोक्विनोन या नैसर्गिक द्रव्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. शिवाय एका घनफुटात साधारण १८ किलो लाकूड असतं आणि त्यातला जवळपास निम्मा भाग कार्बनचा. झाडाने हवेतून घेतलेला सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड त्यात अडकलेला असतो. तेच लाकूड बंबात गेलं, की तो सगळा पुन्हा हवेत.

तुळई घेताना आधी तिची टोकं बघावीत. भिंतीत गाडलेलं टोक वर्षानुवर्षं दमट राहतं आणि तिथूनच कुजतं. टोचा सहज आत गेला तर तेवढा भाग कापूनच हिशेब करा. गोदेचा पूर सराफ बाजारापर्यंत चढतो, त्यामुळे त्या भागातल्या खांबांच्या बुडाशी चिरांमध्ये रेती बसलेली असते आणि रंध्याचं पातं तिथे हमखास खराब होतं. जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने फिके होतात. ते विषारी असल्यामुळे हातमोजे हवेतच, आणि नंतर लाकूड पाण्याने नीट पुसून घ्यायचं.

खरी गफलत मात्र पुढे होते. ‘शंभर वर्षांचं लाकूड आहे, आता काय हलणार?’ असं म्हणून मिस्त्री टेबलाचा माथा खालच्या चौकटीला स्क्रूने पक्का आवळतो. वय झालं तरी तंतूंच्या भिंतीतला सेल्युलोज हवेतली ओल घेतच राहतो. नाशिकला एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या खाली असते, श्रावणात ती ८० च्या वर जाते. त्यानुसार लाकडातली ओल ७-८ टक्के ते १५ टक्के अशी बदलू शकते. ओल एका टक्क्याने बदलली की साग वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ०.२ टक्का फुगतो किंवा आकसतो. गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या दिशेला हे प्रमाण जवळपास निम्मं असतं आणि लांबीत फरक जवळजवळ नसतोच. ९० सेंटीमीटर रुंद माथ्याचा हिशेब वर्तुळांच्या दिशेने केला तर पूर्ण फरक १२ मिलिमीटरच्या घरात जातो. जाड फळी सावकाश ओल घेते, तिला पॉलिशचं कवचही असतं, म्हणून प्रत्यक्षात यातला निम्मा फरक धरावा. पण ६ मिलिमीटरलाही जागा दिली नाही, तर उन्हाळ्यात जोडाशी फट पडते किंवा फळीच चिरते.

उपाय साधा आहे. चौकटीत स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी फळीच्या रुंदीच्या दिशेने १० मिलिमीटर लांब खाच पाडायची, स्क्रूखाली वॉशर घालायचा आणि तो फार आवळायचा नाही. फक्त मधला स्क्रू पक्का ठेवायचा, म्हणजे माथा दोन्हीकडे सारखा सरकतो. तुळईतून कापून काढलेल्या फळ्या आधी घरातच, मध्ये पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्यात. लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर १० ते १२ टक्के दाखवायला लागला की कामाला हात घालायचा.

सागाचं अंगचं तेल गोंदाला धरू देत नाही. म्हणून रंधा मारल्यावर जोड थिनरने पुसा, तो उडून गेला की लगेच, त्याच दिवशी चिकटवा. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या; प्रत्येक हातानंतर १५-२० मिनिटांनी वरचं तेल पुसून टाकलं नाही तर ते चिकट राहतं. माथ्याची खालची बाजूही सोडू नका, नाहीतर ओल एकाच बाजूने शिरते आणि फळी वाकते. आणि त्या तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते आणि ढिगात ती कोंडली की चिंध्या आपोआप पेट घेतात. काम संपल्याबरोबर त्या पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर एकेक सुटी पसरून वाळवा.